दहा हजार वादळं आणि एक कुलूप

सरकारचा काही दोष नाही, हे आम्हाला एका यंत्राने सांगितलं. तेही शुद्ध मराठीत, आमच्या मोबाइलवर, प्रत्येक घराला वेगवेगळं. माणसाने सांगितलं असतं तर त्याची कॉलर तरी धरता आली असती. यंत्राला कॉलर नसते, आणि ज्यांनी ते बसवलं त्यांना ही सोय चांगलीच ठाऊक होती.

मी तृप्ती कुबल. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तोंडाने फटकळ आहे आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. आमचं गाव सुकळवेळ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर आमची साठेक घरं. बाहेर पडायला खाडीवरचा एकच पूल. गेल्या वर्षी 'झरना' नावाचं चक्रीवादळ आलं. नाव ठेवणाऱ्याला काय सुचलं होतं कोण जाणे. त्या वादळाने समुद्र उचलून आमच्या पट्टीवरून खाडीत ओतला. एकोणीस माणसं गेली. त्यात माझा नवरा उमेश होता.

अहवाल आला तेव्हा मी भाकरी थापत होते. माझी मुलगी आर्वी तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मोबाइल पाहिला आणि बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. उमेश कुबल यांच्या मृत्यूची कारणं: दिगंबर मालंडकर यांनी दिलेली हाक, एकसष्ट टक्के. मृताचा स्वतःचा निर्णय, बावीस टक्के. वारा आणि लाटा, सतरा टक्के. एवढंच. झाले शंभर.

दिगंबर मालंडकर म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याचं घर आमच्या अंगणाला लागून आहे. आर्वी लहानपणी आमच्याकडल्यापेक्षा तिथेच जास्त जेवली. त्या दिवशी तिने आमच्या दोन अंगणांमधलं फाटक ओढून घेतलं आणि त्यावर दोरी गुंडाळली.

हे यंत्र काय आहे ते आधी सांगते, कारण ते समजायला अवघड नाही आणि अवघड आहे असं भासवण्यात काही लोकांचा फायदा आहे. हवामानाचे शास्त्रज्ञ पूर्वीपासून एकच वादळ संगणकात पुन्हापुन्हा घडवून बघतात. दर वेळी सुरुवातीचं तापमान किंवा वाऱ्याची दिशा किंचित बदलायची. पन्नासपैकी चाळीस वेळा वादळ एकाच किनाऱ्यावर आदळलं, की छातीठोकपणे सांगायचं, तिकडेच जाणार. 'पडताळा' नावाच्या या यंत्राने त्यात दोन गोष्टी वाढवल्या. एक, वादळ येण्याआधी नाही, तर होऊन गेल्यावर ते पुन्हा घडवायचं. आणि दोन, त्यात माणसं घालायची.

माणसं म्हणजे बाहुल्या. तुमचा फोन तुम्ही कुठे जाता ते सांगतो, घड्याळ तुमचं काळीज कधी धडधडतं ते सांगतं, दवाखान्याच्या नोंदी तुमचा गुडघा किती दुखतो ते सांगतात. हे सगळं एकत्र करून तुमच्यासारखी चालणारी, तुमच्यासारखी घाबरणारी, बायकोचं ऐकणारी किंवा न ऐकणारी एक बाहुली संगणकात तयार होते. मग त्या बाहुल्यांच्या गावावर दहा हजार वेळा वादळ सोडायचं आणि दर वेळी कुणाचा तरी एक निर्णय बदलायचा. हा घरीच थांबला असता तर? ती अर्धा तास आधी निघाली असती तर? जे बदललं की माणूस वाचतो, ते त्याच्या मरणाचं कारण. किती वेळा वाचतो, त्यावर टक्के. तर्क साफ आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही.

आता त्या दिवशी काय झालं ते. सकाळी फोनवर सूचना आली, की सुरक्षित स्थळी जावे. सुरक्षित स्थळ म्हणजे खाडीपलीकडच्या टेकाडावरचा चक्रीवादळ निवारा. पांढरा, तीन मजली, बांधून वर्ष झालेला. गावातले कितीतरी जण पूल ओलांडून तिथे गेले. निवाऱ्याला कुलूप होतं. उद्घाटनाची तारीख मिळाली नव्हती म्हणून तो उघडला नव्हता आणि किल्ली जिल्ह्याच्या एका ऑफिसात होती. फोन केले, कुणी म्हणालं साहेब मीटिंगमध्ये आहेत, कुणी म्हणालं माणूस पाठवतो. दार लोखंडी होतं, ते कुणाला फोडता आलं नाही. उघड्या टेकाडावर लेकरं-म्हातारी घेऊन किती उभं राहणार? माणसं घरी परतली. मग मोबाइलचा टॉवर आडवा झाला. गावात भोंग्याचा खांब होता, पण सूचना आता फोनवर जातात म्हणून भोंग्याची देखभाल बंद केली होती. दुपारी पूल पाण्याखाली गेला. मी कामावर, बंदरावर होते, म्हणजे पुलाच्या बाहेरच्या बाजूला. पलीकडे गाव होतं आणि मला तिथे पोचता येत नव्हतं.

माझा भाऊ रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर गावाने मिळून वाळूवर ओढायचे. ओढायची वेळ झाली की तांडेल लांबच लांब हाक घालतो. तिला आमच्याकडे कुकारो म्हणतात. कुकारो ऐकला की हातातलं काम टाकून खाली यायचं आणि दोराला हात लावायचा. ज्याचा हात लागला त्याचा मासळीत वाटा, मग तो म्हातारा असो की शेजारच्या गावचा पाहुणा. आम्ही कुकाऱ्याला का, कशाला विचारत नाही. तशी सवयच नाही.

पाणी अंगणात शिरलं तेव्हा दिगूदादाने कुकारो घातला. समुद्राकडचा सुरूच्या बनाचा उंचवटा गावात सगळ्यांत उंच, तिथे रापणीचे दोर झाडांना बांधून माणसांनी धरून राहायचं, असा त्याचा विचार. गाव आलं. घराच्या माळ्यावर चढून बसलेली माणसंही खाली उतरून आली, कारण कुकारो झाला होता. दोराने बरीच माणसं वाचवली. पण समुद्राने उंचवट्याचं एक टोकच कापून नेलं आणि त्या टोकावरच्या झाडांबरोबर दोर गेला. एकोणिसांतली सतरा माणसं त्या दोरावर होती.

गावातल्या शाळेची माडी दगडी होती. ती उभी राहिली. सगळे तिथे गेले असते तर कदाचित चारपाच माणसं गेली असती, असं पडताळा म्हणतो. मला वाटतं तो खरं बोलतो.

अहवाल आल्यावर महिनाभरात गाव ओळखू येईनासं झालं. ज्या बायकांनी वादळानंतर एका चुलीवर जेवण रांधलं होतं त्या नळावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायला लागल्या. एकीच्या अहवालात तिच्या जावेचे अकरा टक्के होते. एका पोराला कळलं, की आजी गेली त्यात त्याचे स्वतःचे तीस टक्के आहेत, कारण चप्पल शोधण्यात त्याने वेळ घालवला. तो जेवायचा बंद झाला. वादळानंतर आम्ही मोर्चा काढला होता. कलेक्टरच्या गाडीपुढे बसलो होतो, निवाऱ्याच्या दारावर चपलांचा हार घातला होता. आता मोर्चाचं नाव कुणी काढत नव्हतं. ज्याला त्याला आपापला गुन्हेगार घरपोच मिळाला होता. आणि बहुतेकांच्या अहवालात पहिलं नाव दिगूदादाचं होतं. रापण बंद पडली. तो तांडेल असताना दोराला कोण हात लावणार?

यंत्राचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. मिहीर आठल्ये नातेवाइकांना समजावून सांगायला तालुक्याच्या नाट्यगृहात आले. मी ठरवून भांडायला गेले होते, पण माणूस सभ्य निघाला आणि माझी थोडी पंचाईत झाली. त्याने पडद्यावर आमचं गाव दाखवलं. माड, शाळा, होड्या, सगळं. मग डाव्या बाजूला न बदलणाऱ्या गोष्टी दाखवल्या: किनाऱ्याचा आकार, भरतीची वेळ, वाऱ्याचा वेग, पुलाची उंची, निवारा बंद, भोंगा बंद. उजवीकडे बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे आम्ही. काही लपवलेलं नव्हतं. सगळं मोठ्या अक्षरांत पडद्यावर होतं.

मी उभी राहिले आणि विचारलं, की भरती आणि कुलूप एका रांगेत कसे?

डॉक्टर म्हणाले, की सरकारने वादळाच्या चौकशीला नेमलेल्या आयोगाने त्यांना दिलेला प्रश्न तसा होता. आहे त्या परिस्थितीत नागरिकांच्या कुठल्या निर्णयाने काय झालं, एवढंच शोधायचं. यंत्रात जे बदलून बघितलं जात नाही, ते कधीच कारण ठरत नाही. वारा आणि लाटांचे टक्के हा फक्त उरलेला भाग असतो, म्हणजे कुठलाही निर्णय बदलला तरी जो माणूस वाचला नाही त्याचा हिशोब.

"मग कुलूप बदलून बघा," मी म्हटलं. "किल्ली कुठल्यातरी माणसाच्याच ताब्यात होती ना? त्याची बाहुली करा. मंत्र्यांची तारीख घेणाऱ्याची करा. भोंगा बंद करा म्हणून सही करणाऱ्याची करा."

"ताई, शासन ही व्यक्ती नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहुली व्यक्तीची होते. आणि अधिकाऱ्यांच्या फोनची माहिती कायद्याने संरक्षित आहे."

"आणि आमची?"

ते म्हणाले, की तुमची तुम्ही दिलीत. मदत छावणीत, टॅबवर अंगठा लावून. ते खरं होतं. चादर, बिस्किटं आणि अंगठा असं एकाच टेबलावर झालं होतं. पण डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. आयोगाचा निवाडा होईपर्यंत बाहुली ज्याची त्याची असते, म्हणाले. माणूस ती परत घेऊ शकतो. मेलेल्याची असेल तर त्याच्या सगळ्या वारसांनी मिळून घ्यायची. एकदा परत घेतली की ती पुसली जाते आणि तिच्यावर उभा असलेला प्रत्येक निष्कर्ष रद्द होतो.

मी घरी आले ती थेट दादाच्या अंगणात गेले. फाटकाची दोरी सोडत बसायला वेळ नव्हता, कुंपण ओलांडलं. दादा पडवीत नुसता बसला होता. त्याला आयोगाची नोटीस आली होती. सुनावणीत त्याने एकसष्ट टक्के मान्य आहेत म्हणून सांगितलं, तर त्याच्यावर खटला होणार नव्हता आणि निवाडा तिथेच कायम होणार होता. सरकारी वकील त्याच्याशी म्हणे फार गोड बोलले होते. दादा मान्य करणार होता.

"बाय, मशीन खोटा बोलणा नाय," तो म्हणाला. "मी कुकारो घातलंय म्हणान उमेश इलो. नायतर माळ्यार होतो तो."

"खरां असा," मी म्हटलं. "तुजी चूक झाली. शाळेत न्हेलं असतंस तर जास्त माणसां वाचली असती. ता मी तुका कधी खोटा म्हणूचंय नाय. पण तुज्या आदी कोणीतरी कुलूप घातलां."

"कुलपाचा माका काय सांगतंस? उमेशाचो हात माज्या हातात होतो गो. सुटलो." त्याने हात पुढे केला आणि उघडून बघितला. "माका कोणीतरी शिक्षा करूक होयी. तुमच्यातलो कोण करणा नाय. तू पण करणस नाय. मगे मशीन करता ती बरी."

मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. उमेशचा हात सुटला हे त्याने मला वर्षभरात सांगितलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले, थोडं रडले, आणि मग डोळे पुसून भांडायला लागले. शिक्षा हवी असेल तर माझ्याकडे ये, मी देते, म्हटलं. रोज येऊन उमेशची होडी दुरुस्त कर, आर्वीच्या शिव्या खा, गावासमोर उभा राहा. पण तुझी कबुली त्यांना फुकट द्यायची नाही. तू मान्य केलंस की कुलूप कायमचं भरतीच्या रांगेत जाऊन बसेल आणि पुढच्या वादळात दुसऱ्या गावाचा एखादा दिगू सापडेल. मी विचार करतंय, एवढंच तो म्हणाला, आणि तेही मी उठून जावं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरले. कुणी दार लावून घेतलं, कुणी सांगितलं, तुझा भाऊ म्हणून तू बोलतेस. ते अगदी खोटं नव्हतं. आमच्या वाडीतल्या सुलोचनाकाकी टोरस्कर दोन मुलगे गमावून बसल्या आहेत. दोघे त्याच दोरावर होते. त्यांच्याकडे जाणं मी दोन दिवस टाळलं होतं. त्यांनी मला बसवलं, गूळ-पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्या स्वतःच उठल्या आणि माझ्याबरोबर पुढच्या घरी आल्या. तिथे त्यांनी जे सांगितलं, तेच त्या प्रत्येक घरात सांगत गेल्या.

"दिगूचो दोष असा. तो मी तेका सोडूचंय नाय. पण रापणीची वाटणी आजपावत भायरच्यान येवन केली नाय. मासळीची नाय आणि दोषाचीय नाय. आमचो वाटो आमी करू. तेंचो तेंनी घेवंदेत."

माझ्या साऱ्या तर्काने जे झालं नव्हतं ते या बोलण्याने झालं. दोषाच्या वाटणीला बाहेरचं कुणी बसलं आहे, हेच तोवर गावाच्या ध्यानात कुणी आणून दिलं नव्हतं. माणसं चावडीवर येऊन आयोगाच्या टॅबवर अंगठे लावायला लागली. जावाजावा एकमेकींशी न बोलताच आल्या, पण एकाच रिक्षातून आल्या. तो चप्पल शोधणारा पोरगा आईवडिलांना घेऊन आला, आपली आणि आजीची अशा दोन बाहुल्या परत घेऊन गेला. सुनावणी दोन दिवसांवर आली तेव्हा दोनच उरल्या होत्या. एक दादाची. दुसरी उमेशची. तिला माझ्याबरोबर आर्वीचा अंगठा लागत होता.

आर्वी काय करते ते मला ठाऊक होतं. नातेवाइकांना बाहुली बघण्याची सोय होती. ती महिनाभर रोज तिच्या बाबांना बघत होती. खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून. बाहुलीचा आवाजही उमेशचाच होता. मी एकदाही बघितलं नव्हतं. माझी छाती झाली नव्हती. आणि आता मी त्या पोरीला सांगणार होते, की तुझा चालता-बोलता बाप पुसून टाक.

मी तिच्या खोलीत गेले आणि सरळ सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती पलंगावर थोडी सरकली आणि म्हणाली, तू आधी बघ.

मग आम्ही मायलेकींनी बघितलं. उमेश खुंटीवरचा रेनकोट काढतो. तो रेनकोट खरोखर तसाच फाटलेला होता. शेजारच्या म्हाताऱ्या आबांना हाताला धरून पुलावरून नेतो, मध्येच थांबून त्यांना दम खाऊ देतो, काहीतरी बोलून हसवतो. मला हुंदका आवरेना. टेकाड चढून तो निवाऱ्याशी जातो, दोन्ही हातांनी कुलूप हलवतो, एक पायरी उतरतो, परत चढतो आणि परत हलवतो. मग आबांना घेऊन खाली येतो. आर्वीने दुसरं वादळ लावलं. त्यात तो अर्धा तास लवकर निघाला. टेकाड, कुलूप. तिसऱ्यात आबा घरीच राहिले आणि तो एकटा गेला. कुलूप.

"माका पयले मामाचोच राग होतो," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मामान हाक मारूची नाय असा वादळ मी शोधी होतंय. गावली तशी. तेच्यात बाबा वाचतत. मगे मी बघलंय, तेच्यातय बाबा आदी हंयच येतत. सगळ्यात येतत गो आई. दहा हजार वेळा बाबा ह्या कुलूप हलयतत. एकदाय उघडणा नाय. एकदा तरी उघडूक नको होता?"

मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, बाबांनी आणखी किती वेळा हलवायचं? मग मी चावडीवरून आणलेला टॅब तिने स्वतःच मागून घेतला आणि माझ्या आधी अंगठा लावला. पडद्यावरचा उमेश पायरीवर होता. तो गेला. पायरी राहिली. त्या संध्याकाळी मी वर्षभर रडले नव्हते तेवढी रडले, आणि आर्वीने फाटकाची दोरी सोडली, पण मामाकडे मात्र गेली नाही.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी होती. आम्ही दोन एसट्या भरून गेलो. न्यायमूर्ती शेजवलकर अध्यक्ष होते, निवृत्त, वयस्कर, कान शाबूत. सरकारी वकिलांनी सुरुवातच अशी केली, की पडताळ्याचा निष्कर्ष आलेला आहे, संबंधित व्यक्ती तो मान्य करणार आहे, तेव्हा कामकाज तासाभरात आटोपेल. मग आमच्या वकीलबाईंनी बाहुल्या परत घेतल्याचं सांगितलं आणि सरकारी वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, ही आयोगाची अडवणूक आहे, गावकऱ्यांना कुणीतरी फूस लावली आहे. मी मागून हात वर केला आणि मीच लावली म्हणून सांगितलं. न्यायमूर्तींनी मला खाली बसायला सांगितलं.

डॉ. आठल्यांना विचारलं गेलं, की यंत्रात आता काय उरलं आहे. ते म्हणाले, "एक गावकरी, श्री. मालंडकर. बाकी वारा, भरती, पूल आणि कुलूप." वकील लगेच म्हणाले, मग हरकत काय आहे, ज्यांचा मुख्य वाटा ठरला ते तर आहेतच, निष्कर्ष रद्द झाला तरी त्यांची कबुली पुरे. त्यांना विचारा.

न्यायमूर्तींनी दादाला उभं केलं. निष्कर्ष मान्य आहे का, असं विचारलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. तो काय उत्तर देणार ते मला खरंच माहीत नव्हतं. दादाने आधी समोरच्या टेबलावरचा टॅब ओढून घेतला, अंगठा लावला आणि तो परत सरकवला. मग तो बोलला.

"सायबानु, माजी बावली तुमका काय बोलली ता माका ठावक नाय. ती आता नाय. मी हंय उभो असंय. माका इचारा."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बरं. तुम्ही त्या दिवशी काय केलंत?"

दादाने सगळं सांगितलं. टेकाडावर गेलो ते, दार बंद होतं ते, पाणी चढलं ते. शाळेची माडी सुचली नाही, कुकारो सुचला, कारण जन्मभर संकटाला दोर धरायचीच सवय, हे सांगितलं. ती चूक होती असं तो स्पष्ट म्हणाला. उमेशचा हात कसा सुटला तेही सांगितलं, आणि त्या वेळी सुलोचनाकाकींनी पदर तोंडाशी नेला. आर्वी माझ्या बाजूची खुर्ची सोडून उठली, पुढे गेली आणि मामाच्या मागच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

"माजी चूक मी माज्या तोंडान सांगितलंय," दादा शेवटी म्हणाला. "ती मी मरासर घेवन फिरतलंय. आता ज्येच्याकडे चावी होती तेका हंय उभो करा. ज्येणा भोंगो बंद केल्यान तेका उभो करा. तेंची चूक तेंच्या तोंडान ऐकूची असा आमका. तेंची बावली नको."

सरकारी वकील उठून म्हणाले, संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाली आहे, शासन ही व्यक्ती नाही, आणि हा विषय आयोगाच्या कक्षेत येत नाही. न्यायमूर्तींनी आयोगाच्या कक्षेचा कागद पुन्हा वाचून काढला. मग म्हणाले, की यंत्र नसेल तर आयोगाने काम कसं करायचं हे कक्षेत लिहिलेलं नाही, तेव्हा पूर्वी जसं व्हायचं तसं होईल. साक्षीदार बोलवा.

शिपायाने बाहेरच्या जिन्यात जाऊन नाव पुकारलं. जिल्ह्याच्या त्या ऑफिसातल्या साहेबांचं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इतके महिने आम्ही 'प्रशासन', 'यंत्रणा', 'संबंधित खातं' ऐकत होतो. माणसाचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. शिपायाने तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. न्यायमूर्तींनी समन्स काढायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, की अधिकारी हजर होतील तेव्हा कळवू, तुम्ही घरी जा.

सुलोचनाकाकींनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी न्यायमूर्तींना सांगितलं, की आम्ही थांबतो. ते तसं लगेच होणार नाही, म्हणाले. ते आम्हालाही माहीत होतं. आयोगाचे लोक एकेक करून निघून गेले, वकील फोनवर बोलत गेले, डॉ. आठल्ये दाराशी थोडा वेळ घुटमळून गेले. आमच्यातलं कुणी उठलं नाही. हे मी तिथूनच लिहिते आहे. साहेब यायचे आहेत, आणि आम्ही बसलो आहोत.